गरोदर मातेच्या रक्ताची ही चाचणी जिल्हा रुग्णालयात यावी

रिओ ऑलिम्पिकमध्ये १९ ऑगस्ट २०१६ रोजी अमेरिकेच्या चार धावपटूंनी महिलांच्या चार बाय शंभर मीटर रिले शर्यतीचे सुवर्णपदक ४१.०१ सेकंदांत जिंकले. त्या घडीला त्यांच्याहून तंदुरुस्त बायका जगात शोधूनही सापडल्या नसत्या. त्यांतली अ‍ॅलिसन फेलिक्स २०१८ मध्ये गरोदर असताना ३२व्या आठवड्यात नेहमीच्या तपासणीला गेली. तीव्र प्री-एक्लॅम्पसियाचे निदान झाले, तातडीने सिझर करावे लागले आणि दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या मुलीला नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. दोघीही वाचल्या. त्याच शर्यतीत शेवटचा टप्पा धावलेली टोरी बोवी २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या आपल्या घरी मृतावस्थेत सापडली. ती ३२ वर्षांची होती, आठ महिन्यांची गरोदर होती. शवविच्छेदन अहवालात संभाव्य कारणांमध्ये श्वसनाचा त्रास आणि एक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणातले झटके, यांची नोंद झाली.

धडधाकट दिसणारी बाई सुरक्षितच असते, हा समज या आजारापुढे टिकत नाही. गरोदरपणाचा विसावा आठवडा उलटल्यावर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जातो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, मूत्रपिंड, यकृत, मेंदू आणि हृदय यांवर ताण येतो. जुन्या पिढीतले डॉक्टर याला टॉक्सिमिया म्हणत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातल्या ३ ते ८ टक्के गरोदर स्त्रियांना हा आजार होतो. दरवर्षी त्यातून सुमारे ४६ हजार माता दगावतात, आणि पोटातल्या किंवा नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या मृत्यूंचा आकडा सुमारे पाच लाखांवर जातो.

या आजाराची चाहूल आता रक्तातून आधी लागू शकते. ज्या चाचण्यांनी ती लागते त्या प्रयोगशाळेतल्या कुतूहलापुरत्या उरलेल्या नाहीत. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत त्या वापरल्या जातात आणि आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या खासगी लॅबमध्ये काही हजार रुपये मोजले की करून मिळतात. ज्यांना त्यांची सर्वाधिक गरज आहे त्या बायका मात्र सरकारी दवाखान्यात येतात, आणि तिथे ही चाचणी नाही. ती जिल्हा पातळीवर आणण्याची वेळ आली आहे.

गरज नेमकी कुठे आहे हे पाहायचे तर प्राथमिक आरोग्य केंद्रातला तपासणीचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. बाकावर गरोदर बायका बसल्या आहेत. हातात माता-बाल संरक्षण कार्ड, पिशवीत लघवीची छोटी बाटली. आरोग्य सेविका वजन करते, दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब घेते, नडगीवर अंगठा दाबून खळगा पडतो का ते पाहते, लघवीत पट्टी बुडवून तिचा रंग डबीवरच्या रंगांशी ताडून बघते. डोके दुखते का? डोळ्यांपुढे चमकल्यासारखे होते का? बरगडीखाली दुखते का? एकीचा रक्तदाब १४२/९२ भरतो. तिला ३१वा आठवडा आहे. पट्टीवर जेमतेम हिरवट छटा उमटली आहे. डोके दुखते, पण रात्री झोप झाली नाही म्हणून दुखत असेल, असे ती म्हणते. आता वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरवायचे: हिला वर पाठवायचे, की आठवड्याने परत बोलवायचे?

‘वर पाठवणे’ हा सोपा निर्णय नसतो. रुग्णवाहिका मिळवायची, तालुक्याहून जिल्ह्याला जायचे, सोबत सासू किंवा नवरा हवा, म्हणजे त्यांची मजुरी बुडणार, मोठ्या मुलाला कोणाकडे तरी ठेवायचे. एवढे करून जिल्ह्याच्या डॉक्टरांनी ‘काही नाही, घरी जा’ म्हटले, तर पुढच्या वेळी तीच बाई सांगूनही निघत नाही. आणि पाठवले नाही तर चौथ्या दिवशी मध्यरात्री तिला झटके येऊ शकतात. पायांवरची सूज, डोकेदुखी, पित्त या तक्रारी कितीतरी गरोदर बायकांना असतात. त्यांतली कोण येत्या आठवड्यात बिघडणार हे पट्टा आणि पट्टी खात्रीने सांगू शकत नाहीत. अनुभवी डॉक्टरचाही इथे अंदाजच असतो.

रक्ताची चाचणी या अंदाजाला आधार देते. ती कशी, हे उलगडण्यात अनंत करुमंची या भारतीय वंशाच्या डॉक्टरचा मोठा वाटा आहे. चेन्नईत वैद्यकीय शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले. बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयात मूत्रपिंडविकारांवर काम करताना त्यांना प्रश्न पडला की या आजारात वारेतून असे काय बाहेर पडते, ज्याने आईची मूत्रपिंडे गळू लागतात? बाळंतपण होऊन वार पडली की आजार ओसरू लागतो, हे डॉक्टरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. म्हणजे मूळ वारेत असणार.

गर्भधारणेच्या सुरुवातीला वार गर्भाशयाच्या भिंतीत रुजते आणि तिथल्या वळणदार रक्तवाहिन्या रुंद करून घेते. चिखलात नीट न रोवलेल्या भाताच्या रोपासारखी ती वरवरच धरली, तर त्या वाहिन्या अरुंदच राहतात आणि पुढे बाळ वाढू लागले की वारेला रक्त कमी पडते. अशी उपाशी वार एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन आईच्या रक्तात मोठ्या प्रमाणावर सोडू लागते. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर निरोगी ठेवणारी दोन प्रथिने आहेत. त्यांतले एक पीएलजीएफ, म्हणजे वारेचाच वाढ-घटक. एसएफएलटी-१ त्यांना रक्तातच पकडून निकामी करते. मग आईच्या अंगभर रक्तवाहिन्या आक्रसतात आणि झिरपू लागतात. रक्तदाब वाढतो, लघवीत प्रथिने येतात, अंगावर सूज चढते.

करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे उंदरांच्या प्रयोगातून दाखवले: गाभण मादीला एसएफएलटी-१ दिले की तिचा रक्तदाब वाढला आणि मूत्रपिंडेही बिघडली. दुसरा पुरावा कर्करोगाच्या उपचारातून आला होता. गाठीतल्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखण्यासाठी पीएलजीएफच्याच कुळातले प्रथिन अडवणारे औषध ज्यांना दिले, त्यांच्यातही रक्तदाब वाढला आणि लघवीत प्रथिने आढळली. पुढच्याच वर्षी कॅल्शियमच्या एका जुन्या चाचणीसाठी गोठवून ठेवलेले गरोदर स्त्रियांचे रक्तनमुने तपासले गेले. आजाराची लक्षणे दिसण्याच्या सुमारे पाच आठवडे आधीच एसएफएलटी-१ चढू लागले होते, आणि पीएलजीएफ त्याहीआधी कमी होते.

पाच आठवडे हा मोठा अवधी आहे. तेवढ्यात बाईला योग्य ठिकाणी हलवता येते, बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शन देता येते, रक्तदाबाचे औषध सुरू करता येते आणि नवजात अतिदक्षता विभागात जागा पाहून ठेवता येते.

दवाखान्यात ही माहिती कशी उपयोगी पडते, हे २०१६ मध्ये १४ देशांतल्या एका अभ्यासाने दाखवले. आजाराचा संशय असलेल्या स्त्रियांमध्ये एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ यांचे गुणोत्तर मोजले. ते ३८ किंवा त्याहून कमी असेल तर पुढच्या आठवड्याभरात हा आजार होणार नाही, हे भाकीत ९९.३ टक्के वेळा खरे ठरले. म्हणजे आरोग्य केंद्रातल्या त्या बाईला निर्धास्तपणे सांगता आले असते, की घरी जा, पण पुढच्या आठवड्यात नक्की ये. उलट बाजू मात्र एवढी भक्कम नाही. गुणोत्तर ३८ च्या वर गेलेल्यांपैकी पुढच्या चार आठवड्यांत जेमतेम ३७ टक्के जणींना आजार झाला. आकडा वर गेला म्हणून लगेच सिझरची घाई करायची नसते. तिच्यावर बारीक नजर ठेवायची असते.

ब्रिटनमधल्या ११ प्रसूती केंद्रांत, एक हजाराहून थोड्या अधिक स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पीएलजीएफचा निकाल काही काळ डॉक्टरांपासून लपवून ठेवला आणि नंतर दाखवायला सुरुवात केली. निकाल हाती असताना निदानाला लागणारा काळ सरासरी ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला आणि आईच्या गंभीर गुंतागुंती ५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आल्या. प्रसूती अकारण लवकर उरकल्या गेल्या, असेही दिसले नाही. याच धर्तीवर आयर्लंडमध्ये झालेल्या चाचणीत मात्र गुंतागुंतींत लक्षणीय फरक पडला नाही. हेही लक्षात ठेवायला हवे. चाचणीचा आकडा स्वतः कोणाला वाचवत नाही. तो मिळाल्यावर त्या ठिकाणची यंत्रणा काय करते, यावर सगळे अवलंबून आहे. जिथे तज्ज्ञ दाराशीच असतो तिथे फरक कमी दिसेल. जिथे बाईला दोन-तीन तास प्रवास करून तज्ज्ञापर्यंत पोचायचे असते, तिथे कोणाला पाठवायचे हे आधी कळण्याचे मोल जास्त.

ब्रिटनमध्ये औषधोपचारांची शिफारस करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये या चाचण्यांना मान्यता दिली आणि २०२२ मध्ये शिफारस अधिक व्यापक केली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२३ मध्ये रुग्णालयात दाखल असलेल्या स्त्रियांसाठी अशी पहिली चाचणी मंजूर केली. तिथेही वाट पाहणे लांबलेच, पण दार उघडले.

आता प्रतिबंधाकडे. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातले कायप्रोस निकोलायडिस आणि सहकाऱ्यांनी गर्भधारणेच्या ११ ते १३व्या आठवड्यात जोखीम मोजण्याची पद्धत बसवली. आईची माहिती, सरासरी रक्तदाब, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी आणि रक्तातली पीएपीपी-ए व पीएलजीएफ ही प्रथिने यांची त्यात सांगड घातली जाते. जोखीम जास्त निघालेल्या १,७७६ स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली. दिवस भरण्याआधी होणाऱ्या प्री-एक्लॅम्पसियाचे प्रमाण अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत १.६ टक्के, तर दुसऱ्या गटात ४.३ टक्के आढळले. निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे शहरांतल्या बहुतेक गरोदर बायकांना ‘डबल मार्कर’ माहीत असते. बाळातल्या डाउन सिंड्रोमसाठी होणाऱ्या त्याच चाचणीत पीएपीपी-ए आधीच मोजले जाते. त्याच रक्तातून पीएलजीएफही मोजता येते. वेगळी सुई टोचायचीही गरज नाही. तरीही बाळाच्या जोखमीचा अहवाल मिळतो आणि आईच्या जोखमीचा राहून जातो.

मग गावागावातल्या प्रत्येक गरोदर बाईची ही पूर्ण तपासणी करावी का? आज तरी नाही, आणि त्याला भक्कम कारण आहे. नागपूर आणि बेळगाव ही दोन भारतीय ठिकाणे असलेली, सहा देशांतली एक चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. कोणतीही महागडी रक्तचाचणी न करता ११,९७६ पहिलटकरणींना १४व्या आठवड्याच्या आत ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा औषधविरहित गोळी सुरू केली गेली. मुदतपूर्व प्रसूती १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आली. रक्तदाबाच्या विकारासह ३४व्या आठवड्याआधी होणाऱ्या प्रसूती ०.४ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आल्या. विदर्भातल्या गावांतल्या बायकाही या माहितीच्या भागीदार आहेत. तेव्हा प्रतिबंधासाठी रक्तचाचणीची वाट पाहू नये. आधीच्या गरोदरपणात रक्तदाब वाढलेला, जुनाट रक्तदाब, मधुमेह, जुळी, मूत्रपिंडविकार अशा बाईला डॉक्टरच्या सल्ल्याने अ‍ॅस्पिरिन वेळेत मिळावे, आणि पहिल्या तिमाहीत नाव नोंदवण्यावर भर द्यावा. सरकारी पैसा आधी दुसऱ्या टप्प्यावर लावावा: विसाव्या आठवड्यानंतर संशय आल्यावर निर्णयाला आधार देणाऱ्या चाचणीवर.

हृदयासाठीची दुसरी चाचणी तर आणखी हाताशी आहे. एनटी-प्रोबीएनपी नावाचे हे द्रव्य हृदयाच्या भिंती ताणल्या गेल्या की रक्तात वाढते. हृदयविकाराच्या रुग्णांसाठी मोठ्या रुग्णालयांत ते नेहमी मोजले जाते. गरोदरपणात शरीरातले रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, तरीही निरोगी हृदय हा भार पेलते आणि या द्रव्याची पातळी मर्यादेत राहते. म्हणून ती चढली तर त्यामागे काही असण्याची शक्यता दाट असते, आणि पुढची पायरी म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

आपल्याकडे याची गरज किती आहे, हे चेन्नईतल्या मद्रास मेडिकल कॉलेजच्या नोंदी सांगतात. २०१६ ते २०१९ या काळात तिथे हृदयविकार असलेल्या हजारावर गरोदरपणांची नोंद झाली. त्यांतल्या सुमारे ६० टक्के प्रकरणांत विकाराचे निदान पहिल्यांदाच गरोदरपणात झाले. सर्वाधिक प्रमाण होते लहानपणच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपांचे. मुलगी शाळेत जाते, लग्न होते, शेतात राबते आणि झडप अरुंद आहे हे कोणाच्या गावीही नसते. मग पाचव्या-सहाव्या महिन्यात रक्त वाढते आणि तिला जिना चढवत नाही. कॅलिफोर्नियात २००२ ते २००६ या काळातल्या मातामृत्यूंची छाननी केली तेव्हा हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने ६४ मृत्यू झाल्याचे दिसले. त्यांपैकी ४२ जणींना हृदयाच्या स्नायूचाच विकार होता, आणि गरोदरपणाआधी निदान झालेल्या जवळपास कोणीच नव्हत्या. त्या अनुभवातून २०१७ मध्ये तिथे सर्व प्रसूती केंद्रांसाठी जी पद्धत लिहून काढली, तिच्यात संशय येताच बीएनपी, ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी करण्याची पायरी आहे.

बाळंतपण उरकले की धोका संपला, असे घराला वाटते. पण हृदयाचा स्नायू दुबळा होण्याचा एक विकार नेमका शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांपर्यंत डोके वर काढतो. सव्वा महिन्याची बाळंतीण. खोलीत शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल-मालीश, सगळे यथास्थित चालले आहे. तिला धाप लागते. उताणे झोपवत नाही, रात्री दोन उशा घेऊन ती उठून बसते, पहाटे खोकते. घरात सगळे म्हणतात, अशक्तपणा आहे, जागरणे आहेत, भरून येईल. भेटीला आलेल्या आशा ताईने ‘सपाट झोपता येते का?’ एवढे विचारले आणि उत्तर ‘नाही’ असे आले, तर त्या दिवशीच रक्त घेतले पाहिजे. हा प्रश्न बाळंतिणीच्या घरभेटीच्या यादीत ठळक अक्षरांत असायला हवा.

एक आक्षेप इथे हमखास येतो आणि तो खोटा नाही. अनेक उपकेंद्रांत रक्तदाबाचे यंत्रच बरोबर चालत नाही, लघवीच्या पट्ट्या संपलेल्या असतात, मग पीएलजीएफ कशाला? या आक्षेपाचा पहिला भाग शंभर टक्के मान्य. पट्टा आणि पट्टी नीट नसेल तर पुढचे सगळे वाळूवर उभे राहील. रक्तचाचणी त्यांची जागा घेऊ शकत नाही आणि तशी कोणी अपेक्षाही करू नये. पण मूलभूत गोष्टी आधी आणि नवी साधने नंतर, अशी रांग लावली की नंतरचा दिवस गरिबांच्या वाट्याला येतच नाही. दोन्ही एकत्र उभे करता येते, हे महाराष्ट्रानेच करून दाखवले आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८-२० च्या आकड्यांनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ मातामृत्यू होत होते, तर महाराष्ट्रात ३३. आशा, आरोग्य सेविका, रुग्णवाहिका, रक्तपेढ्या आणि सरकारी बाळंतपणे यांची ही कमाई आहे.

प्री-एक्लॅम्पसियातला स्थानिक अभ्यासही आपल्याला नवा नाही. झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेट २००२ मध्ये जगभरच्या दहा हजारांवर स्त्रियांवर झालेल्या मॅगपाय चाचणीत सिद्ध झाले, आणि त्याने झटक्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आणले. मात्र पाश्चात्त्य स्त्रियांच्या वजनाला बेतलेली मात्रा आपल्या किरकोळ बांध्याच्या बायकांना जड जाते, हे ओळखून सोलापूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी मात्रेची पद्धत बसवली आणि २००३ मध्ये ती प्रसिद्ध केली. रक्तचाचणीलाही हाच नियम लागू आहे. ३८ हा आकडा प्रामुख्याने पाश्चात्त्य स्त्रियांच्या रक्तावरून ठरला आहे. आपल्या बायकांचे वजन, रक्तक्षय, आहार आणि वय वेगळे. पुण्यात भारती विद्यापीठातला संशोधक गट या आजारातल्या रक्तद्रव्यांवर गेली अनेक वर्षे काम करतो आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुले यांच्या मागावर आहेत. आपले आकडे आपणच काढू शकू, एवढी तयारी इथे आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. केंद्र सरकारच्या २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातल्या गरोदर मातेला औषधे, तपासण्या आणि वाहतूक मोफत देण्याचे वचन आहे. ‘महालॅब’सारख्या व्यवस्थेतून प्राथमिक आरोग्य केंद्रांतले रक्तनमुने गोळा करून प्रयोगशाळेत नेण्याचा अनुभव राज्याला आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो. धागे सगळे आहेत. शिवाय ही चाचणी प्रत्येकीला करायची नाही. रक्तदाब, लघवी किंवा लक्षणे यांवरून जिच्याबद्दल शंका आली तिलाच करायची. खरेदी राज्याने एकत्र केली तर दर उतरतील. आणि चाचणीने ‘घरी राहा’ असे सांगितलेल्या प्रत्येक बाईमागे वाचलेली रुग्णवाहिका, खाट आणि मजुरी हिशेबात धरायलाच हवी.

यातला सर्वांत दुर्लक्षित भाग बाळंतपणानंतरचा. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. नाव सासरच्या उपकेंद्रात नोंदलेले, सातवा महिना संपता संपता मुलगी माहेरी, बाळंतपण माहेरच्या तालुक्यात, आणि तीन महिन्यांनी बाळ घेऊन परत सासरी. रक्तदाब वाढला होता ही नोंद माहेरच्या कार्डावर राहते. ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या बाईची तर तेवढीही नोंद हाती नसते. फडावरून फडावर जाताना तिचे गरोदरपण तीन-चार आरोग्य केंद्रांच्या हद्दींत विखुरते. पण शरीर ती नोंद विसरत नाही. प्री-एक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रियांना पुढच्या आयुष्यात हृदय निकामी होण्याचा धोका सुमारे चौपट, तर हृदयाच्या धमन्यांचा विकार आणि पक्षाघात यांचा धोका सुमारे दुप्पट असतो, असे अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष सांगतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ मध्येच स्त्रियांच्या हृदयरोगाच्या जोखमींत त्याचा समावेश केला. आपल्याकडे मात्र पंचेचाळिशीची बाई छातीत दुखते म्हणून गेली, तर तिच्या बाळंतपणांबद्दल विचारणारा डॉक्टर क्वचितच भेटतो.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने पहिल्या टप्प्यात जिल्हा स्त्री रुग्णालये आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालये निवडावीत. विसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात संशय आलेल्या प्रत्येक बाईसाठी पीएलजीएफवर आधारित चाचणी, आणि धाप लागणाऱ्या गरोदर वा बाळंत बाईसाठी एनटी-प्रोबीएनपी मोफत करावी. निकाल चोवीस तासांत पाठवणाऱ्या डॉक्टरच्या फोनवर यावा. त्याच्यासोबत पुढे काय करायचे याची स्पष्ट पायरीही असावी: घरी ठेवा, आठवड्याने पुन्हा रक्तदाब घ्या, की आजच पाठवा. रक्तदाब वाढलेल्या प्रत्येक बाळंतिणीची नोंद सासर-माहेर दोन्हीकडे दिसावी, सहाव्या आठवड्यात आणि वर्षाने तिचा रक्तदाब पुन्हा घेतला जावा. दोन वर्षांनी या जिल्ह्यांतले आकडे जाहीर करावेत: किती जणींना वर पाठवले, किती जणींना पाठवण्याची गरज पडली नाही, किती जणी विनाकारण गेल्या, कितींना झटके आले आणि किती वाचल्या. निष्कर्ष अनुकूल आले तर योजना तालुका पातळीवर न्यावी, नसतील तर बदलावी. या कामासाठी नवी इमारत लागत नाही, नवा कायदा लागत नाही. आरोग्य विभागाच्या पुढच्या वार्षिक आराखड्यात त्यासाठी एक ओळ आणि तिच्यापुढे रक्कम लागते.